सबुरीचा खरा अर्थ

'सबूर' आणि 'सबुरी' हे शब्द आपल्या मराठीत इतके रुळले आहेत की, ते बाहेरून आले याची आठवणही आपणास राहत नाही. घाई करणाऱ्या नातवास आजी 'जरा सबुरीने घे' असे सांगते. शिर्डीच्या साईबाबांच्या नावाशी जोडलेली 'श्रद्धा आणि सबुरी' ही शब्दांची जोडी तर घरोघरी परिचित आहे. या शब्दांचे मूळ अरबी भाषेतील 'सब्र' या शब्दात असून, फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. इस्लाम धर्मात या शब्दास फार मोठे स्थान आहे. त्याचा अर्थ नीट समजून घेणे हे कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्यास उपकारक होईल, असे वाटल्यावरून हा अल्प प्रयत्न केला आहे.

सब्र म्हणजे निमूटपणे सोसणे, हात जोडून बसणे आणि नशिबात असेल ते होऊ देणे, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. अरबी धातूचा मूळ अर्थ 'रोखून धरणे' असा आहे. उधळू पाहणाऱ्या घोड्याचा लगाम स्वार ज्याप्रमाणे घट्ट धरतो, त्याप्रमाणे संकटात उधळणारे मन ताब्यात ठेवणे म्हणजे सब्र. लगाम धरणारा स्वार स्वस्थ बसलेला नसतो. त्याचे सारे बळ त्या वेळी कामी लागलेले असते. इस्लामी विद्वानांनी सब्राचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्कर्म नेटाने चालू ठेवण्यातील सब्र, मोहापासून मन आवरण्यातील सब्र आणि आपत्ती सोसण्यातील सब्र. या तिहींपैकी आपण बहुधा केवळ तिसराच ओळखतो.

कुराणात सब्र आणि प्रार्थना यांच्या आधारे साहाय्य मागावे, असा उपदेश आहे. त्यातील हजरत अय्यूब यांची कथा प्रसिद्ध आहे. संपत्ती गेली, संतती गेली, शरीर व्याधींनी जर्जर झाले. तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही. अखेर त्यांनी ईश्वराची करुणा भाकली. तेव्हा जमिनीवर पाय आपट, अशी आज्ञा झाली आणि तेथून शीतल पाण्याचा झरा फुटला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कृपा ईश्वराची खरी. परंतु पाय त्या दुर्बल रुग्णालाच आपटावा लागला!

माता हाजरा यांची कथाही हेच सांगते. निर्जल वाळवंटात तान्हा इस्माईल तहानेने व्याकूळ झाला असता ही माता सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली. पुढे झमझमचा झरा प्रकट झाला. हजला जाणारे लक्षावधी यात्रेकरू आजही त्या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतात. या विधीस 'सई' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच 'प्रयत्न' असा आहे. एका असहाय मातेच्या धावपळीस धर्मविधीचे पावित्र्य लाभावे, याहून प्रयत्नाचा मोठा गौरव कोणता?

हजरत महंमद पैगंबरांचे चरित्र तर सब्राचा वस्तुपाठच आहे. मक्केतील विरोधकांनी त्यांच्या कुळावर सुमारे तीन वर्षे बहिष्कार घातला. त्यानंतर पत्नी हजरत खदीजा आणि पालनकर्ते चुलते अबू तालिब हे दोघेही एकाच वर्षी निवर्तले. ते वर्ष इतिहासात 'दुःखाचे वर्ष' म्हणून ओळखले जाते. आधाराच्या आशेने ते ताइफ नगरीस गेले, तर तेथील लोकांनी दगड मारून त्यांना रक्तबंबाळ केले. तरीही त्यांनी त्या लोकांच्या नाशाची इच्छा केली नाही. मात्र अन्याय सोसत मक्केतच बसून राहणे त्यांनी पत्करले नाही. इ. स. ६२२ मध्ये ते मदिनेस गेले आणि तेथे त्यांनी नवा समाज उभारला. इ. स. ६३० मध्ये ते मक्केत विजयी होऊन परतले, तेव्हा सूड घेण्याचे सामर्थ्य हाती असूनही त्यांनी बहुतेक सर्वांस क्षमा केली. दुःखात मन आवरणे कठीण खरे. परंतु विजयात ते आवरणे त्याहूनही कठीण आहे.

सब्र म्हणजे पाषाणहृदयी होणे, असेही कोणी समजू नये. आपला लहानगा पुत्र इब्राहीम अंतकाळी असता पैगंबरांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. एका सोबत्याने नवल केले, तेव्हा हे अश्रू म्हणजे दयाच आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. डोळे पाणावोत, अंतःकरण दुःखी होवो; वाणीने मात्र भलते बोलू नये, हीच ती मर्यादा.

ही झाली दूरच्या देशातील उदाहरणे. आता आपल्या अगदी जवळचे एक पाहू. आपल्या कोगनोळीवरून जाणारा महामार्ग उत्तरेस कोल्हापूरला आणि दक्षिणेस बेळगाव, धारवाडला जोडतो. याच वाटेच्या दोन टोकांना बांधणारी एका मुसलमान गायकाची जीवनकथा आहे. संगीतसम्राट उस्ताद अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ मध्ये राजस्थानातील उनियारा येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यावर चुलते जहांगीर खाँ यांच्याजवळ त्यांनी अपार मेहनत केली. नावलौकिक वाढत असतानाच आमलेटा नावाच्या एका लहान संस्थानाच्या दरबारी त्यांना अतोनात गावे लागले आणि त्यांचा आवाजच गेला. गवयाचा आवाज जाणे म्हणजे शेतकऱ्याची जमीन जाण्यासारखेच होय! सुमारे दोन वर्षे ते गाऊ शकले नाहीत, असे सांगतात. पुढे आवाज आला, पण पूर्वीची मृदुता परतली नाही.

खाँसाहेब दैवाला दोष देत बसले नाहीत. उरलेल्या आवाजास साजेल अशी पेचदार, लयीत गुंफलेली, दमसासाची नवी गायकी त्यांनी चिंतनाने आणि रियाजाने घडविली. तीच आज जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून मान्यता पावली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारी आश्रय दिला. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या थोर शिष्या. केसरबाईंच्या गायनाची एक ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये अंतराळात झेपावलेल्या 'व्हॉयेजर' यानांबरोबर पाठविण्यात आली. जो आवाज गेला म्हणून शोक करावयाचा, त्याच्याच प्रतिध्वनीने नक्षत्रांची वाट धरली!

त्यांच्या वार्धक्यात आणखी एक घाव बसला. १९३७ मध्ये त्यांचे गुणी पुत्र मंजी खाँ यांचे निधन झाले. त्या वेळी पिता ऐंशी वर्षे ओलांडून गेला होता. पुत्रवियोगाने झुरणाऱ्या हजरत याकूब यांची कुराणातील कथा अशा वेळी आठवते. परंतु विद्येचा ओघ थांबला नाही. मंजी खाँ यांच्याजवळ शिकणारे धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर पुढे धाकटे बंधू भूर्जी खाँ यांच्याकडे शिकले आणि हे गाणे त्यांनी कर्नाटकात उज्ज्वल केले. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत खाँसाहेबांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या या सीमाभागातील घरांना संकटे नवीन नाहीत. दूधगंगेला पूर येतो आणि उभा ऊस पाण्याखाली जातो. तंबाखूचा भाव पडतो. घरातील कर्ता माणूस अंथरुणास खिळतो. आणि तुमच्यापैकी एखाद्यास परीक्षेत अपयश येते, तेव्हा त्याला सारे जग संपल्यासारखे वाटते. अशा वेळी कोणी 'सबूर' म्हटले, तर त्याचा अर्थ 'गप्प बैस' असा घेऊ नका. डोळे पाणावले तर पाणावू द्या. पण लगाम सोडू नका. मग हाजरामातेप्रमाणे आणखी एक फेरी घाला. झरा कोठे फुटेल हे आपल्या हाती नाही; धावणे मात्र आपल्या हाती आहे. हीच खरी सबुरी होय.