गरीब कोणत्या धर्मग्रामाचा?

आपल्या धर्मग्रामात नवे कुटुंब राहायला आले की आपण त्यांचे नाव नोंदवहीत लिहितो आणि विषय तिथेच संपतो. इंग्लंडमध्ये मात्र जवळजवळ अडीचशे वर्षे 'तू कोणत्या धर्मग्रामातला?' या प्रश्नाच्या उत्तरावर गरिबाची भाकर अवलंबून असे.

आठव्या हेन्री राजाने १५३६ ते १५४० या काळात मठ बंद केले. मठांच्या दाराशी मिळणारे अन्न थांबले. पुढे एलिझाबेथ राणीच्या राजवटीत, १६०१ साली, कायदा झाला की प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या गरिबांना पोसावे. (हे धर्मग्राम तोवर अँग्लिकन झाले होते.) चर्चवॉर्डन आणि गावातले दोन ते चार घरमालक गरिबांचे पालक म्हणून नेमले जात. ते गावावर पट्टी बसवून पैसा उभा करत. कल्पना चांगलीच होती. पण 'आपले गरीब' म्हटले की 'परके गरीब' कोण, हेही ठरवावे लागते!

ते १६६२ च्या कायद्याने ठरवले. वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात राहायला आलेल्या माणसाबद्दल चाळीस दिवसांत तक्रार झाली, तर दोन न्यायाधीश त्याला त्याच्या मूळ धर्मग्रामात परत धाडू शकत. त्याने मदत मागितलेली असो वा नसो. पुढे कधीतरी मागेल, एवढी भीती पुरे होती. नंतर नियम आला की अविवाहित नोकराने पूर्ण वर्ष चाकरी केली तर त्याला तिथला हक्क मिळतो. लगेच काही मालक वर्ष भरण्याआधी थोडे दिवस नोकराला सोडू लागले.

सर्वात जास्त हाल बायकांचे झाले. लग्नानंतर स्त्रीला नवऱ्याचे धर्मग्राम लागू होई. तो वारला की लेकरांसह तिची रवानगी कधी अशा गावी होई, जे तिने आयुष्यात पाहिलेलेही नसे. गरोदर अविवाहित मुलीला तर बाळंतपणाआधीच हद्दीबाहेर काढण्याची घाई असे, कारण बाळ जिथे जन्मेल तिथले ठरे.

१६९७ पासून मदत घेणाऱ्यांना उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे अक्षर लावावे लागे. ती सक्ती १८१० मध्ये गेली. १७९५ पासून प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत गरिबाला हाकलता येईना. १८३४ मध्ये धर्मग्रामांचे संघ करून कारभार त्यांच्याकडे गेला आणि १९४८ मध्ये हे जुने कायदे संपले.

न्यायाधीशांपुढे गरिबांनी शपथेवर सांगितलेल्या हकिकती मात्र उरल्या आहेत. जन्म कुठला, चाकरी कुणाकडे, लग्न कधी, सारे त्यात आहे. खाली सहीच्या जागी पुष्कळदा नुसती फुली.