नैराश्याच्या गोळ्या आणि दारू : पालकांशी बोलताना

पोळा झाला की आमच्या यवतमाळकडे दुसऱ्या दिवशी कर असते. शेतातली कामं बंद, घरोघरी मटण आणि बऱ्याच घरांत दारू. अशाच एका करीनंतर चौथीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. मुलगी दोन दिवस गैरहजर होती. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "मॅडम, यांना टेन्शनची गोळी सुरू आहे. करीच्या दिवशी यांनी गोळी घेतलीच नाही, मंग प्यायले. तरी असे कसे पडून राहिले?"

हा समज आपल्याकडे पक्का आहे. गोळी आणि दारू एकत्र नको, हे लोकांनी ऐकलेलं असतं. म्हणून ते गोळी चुकवतात, दारू नाही! पण नैराश्याची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी नसते. रोज घेतल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांनी गुण दिसू लागतो आणि एक दिवस चुकवली म्हणून ती अंगातून जातही नाही. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही काही आठवडे शरीरात राहतं. म्हणजे सकाळची गोळी टाळली तरी संध्याकाळी दोघांची गाठ पडतेच. वर असं सोडत-धरत राहिलं तर चक्कर, चिडचिड सुरू होते, आजार पुन्हा डोकं वर काढतो.

अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन अशा गोळ्यांनी मुळातच झोप येते. त्यावर दारू पडली की गुंगी फार वाढते, तोल जातो. त्यात रात्री ओलितासाठी विहिरीवर जायचं असेल तर विचार करा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांनी तेवढी गुंगी येत नाही, म्हणून "मले काही होत नाही" असं वाटतं. पण दारू नंतर मन आणखी खाली ओढते आणि नशेत स्वतःवरचा ताबा सुटतो. फवारणीचं औषध घरात ठेवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला यापुढचं सांगायला नको. ते कुलपात, शक्यतो घराबाहेर ठेवायला मी प्रत्येक वेळी सांगते.

त्या ताईंना एवढंच म्हटलं, की गोळी बंद करू नका, भांडूही नका. किती पितात ते डॉक्टरांना खरं सांगा. ते औषध बदलून देऊ शकतात. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारूही एकदम सोडू नये, थरथर सुटते, झटके येऊ शकतात. तेही डॉक्टरांच्या देखरेखीतच. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक वहीच्या कागदावर लिहून दिला. तिथे फुकट आणि मराठीत बोलता येतं.

जाताना त्या म्हणाल्या, "पाकिटातल्या गोळ्या रोज पोरगीच मोजते, मॅडम. कमी झाली नाही की रात्रभर जागते बापाजवळ." गैरहजेरीचं कारण मला तेव्हा कळलं. ते मोजायचं काम आजपासून तुम्ही घ्या, असं मी त्यांना सांगितलं.