सागराची अमानत आणि आपले ताट

वर्धा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे सागराच्या रक्षणाचा विषय निघाला की तो कोकणातील लोकांचा आहे, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाचकहो, बोर आणि धाम या नद्यांचे पाणी वणा नदीत जाते, वणेचे वर्धा नदीत. पुढे वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. आपण नाल्यात टाकलेली पिशवी याच वाटेने जाते. म्हणून हा धडा आपलाही आहे.

देणगी आणि तिची मर्यादा

पवित्र कुरआनच्या सूरह अन्-नह्लमध्ये (१६:१४) अल्लाहने सागर मानवाच्या सेवेस लावल्याचे सांगितले आहे. त्यातून ताजे मांस मिळावे, अलंकार मिळावेत, नौका चालाव्यात आणि माणसाने कृतज्ञ व्हावे, हा त्यामागील हेतू होय. सूरह अल्-माइदाप्रमाणे (५:९६) इहरामच्या अवस्थेत जमिनीवरील शिकार निषिद्ध असली तरी सागरातील शिकार वैध आहे. इतकी उदार परवानगी क्वचितच आढळते.

मात्र परवानगी म्हणजे मोकाट सूट नव्हे. सूरह अर्-रूममध्ये (३०:४१) जमिनीवर आणि सागरात बिघाड माजला तो माणसांच्याच हातांच्या कमाईमुळे, असे स्पष्ट केले आहे. येथे सागराचा उल्लेख नाव घेऊन आला आहे, हे लक्षात घ्यावे. तसेच सूरह अल्-बकरामध्ये (२:२०५) शेती आणि जिवांची संतती नष्ट करणाऱ्याच्या धडपडीचा निषेध आहे. मासा खाणे आणि माशांचा वंश संपविणे यांत मोठे अंतर आहे.

शनिवारवाल्यांचा धडा

सूरह अल्-अअराफमध्ये (७:१६३–१६६) सागरकिनारी वसलेल्या एका वस्तीची हकीकत आहे. त्या लोकांना शनिवारी मासेमारी मना होती. परीक्षा अशी की, शनिवारीच मासे पाण्यावर उघड दिसत आणि इतर दिवशी येत नसत. भाष्यकार सांगतात की, काहींनी युक्ती योजली. ते शनिवारपूर्वी जाळी व खड्डे तयार ठेवीत आणि रविवारी अडकलेले मासे काढीत. शब्द पाळला, हेतू मोडला.

त्या वस्तीत तीन गट झाले: मर्यादा ओलांडणारे, त्यांना रोखणारे, आणि रोखणाऱ्यांनाच 'उपदेश कशासाठी करता?' असे विचारणारे. रोखणाऱ्यांचे उत्तर असे होते की, पालनकर्त्यापुढे आम्हांस आमचे कर्तव्य केल्याचे सांगता यावे, आणि कदाचित हे लोक सावरतीलही. दुष्कृत्यापासून रोखणारे वाचले, हे कुरआनने स्पष्टपणे सांगितले आहे.

आज या हकीकतीशी जुळणारी गोष्ट आपल्या राज्यातच आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा काळ खवळलेल्या समुद्राचा आणि अनेक जातींच्या प्रजननाचा. महाराष्ट्रात १९८१ पासून सागरी मासेमारी नियमन कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्यात अधिक कडक तरतुदी झाल्या. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यास बंदी आहे. कारण त्या उजेडाकडे लहान-मोठे सर्वच मासे ओढले जातात. २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरविण्यात आली, जेणेकरून पिल्लांना एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळावी. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील अनेक मुस्लिम मच्छिमार कुटुंबांची चूल याच सागरावर पेटते. बंदीचे दोन महिने त्यांना जड जातात. नियम पाळणाऱ्या नौकेने किनाऱ्यावर थांबावे आणि मोडणाऱ्याने पिल्ले ओरबाडून न्यावीत, हा प्रामाणिक माणसावर अन्याय होय.

खरेदीदाराची जबाबदारी

'जाळे आम्ही टाकत नाही, मग आमचा काय दोष?' असा प्रश्न येईल. पण गिऱ्हाईक नसेल तर पिल्लू बाजारात येणार नाही. वर्धा जिल्ह्यातही पहिल्या पावसात गोड्या पाण्यातील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात. या चढणीच्या, गाभोळीने भरलेल्या माशांना मोठी मागणी असते. गाभोळी हराम नाही; प्रश्न तो नाही. प्रश्न असा की, नेमक्या त्याच आठवड्यांत प्रत्येक घराने तिचा आग्रह धरला, तर पुढील वर्षी तलावावर जगणाऱ्या भोई-ढिवर बांधवांच्या जाळ्यात काय येईल? आणि स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. असा मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

एकाच नौकेतील प्रवासी

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी एका नौकेचा दृष्टांत दिला आहे, जो सहीह बुखारीत नोंदला आहे. काही प्रवासी वरच्या मजल्यावर आणि काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच भागात भोक पाडण्याचे ठरविले. हेतू वाईट नव्हता. तरीही वरच्यांनी हात धरला नाही तर सारेच बुडतील आणि धरला तर सारेच तरतील.

नदीच्या बाबतीत वरच्या मजल्यावर आपण आहोत आणि खालच्या मजल्यावर काकीनाड्याजवळील कोरिंगाच्या खारफुटीत मासळी पकडणारा माणूस. येथे भोक आपणच पाडतो, फक्त ते आपल्याला दिसत नाही. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास प्रेषितांनी (सल्ल.) मनाई केली. जेथे इतकी बारीक काळजी शिकविली गेली, तेथे नदीत कचरा ओतण्यास कोणता आधार शोधणार?

घरातून आरंभ

१. पावसाळ्याच्या आरंभी चढणीच्या माशांचा आग्रह सोडावा. तळहाताहून लहान पापलेट विकत घेऊ नये आणि विक्रेत्यास त्याचे कारण नम्रपणे सांगावे.

२. ईदुल अज्हाच्या दिवशी कुर्बानीचे अवशेष नदी-नाल्यात न टाकता खोल पुरावेत किंवा नगरपरिषदेच्या गाडीत द्यावेत. इबादतीने शेजाऱ्यास त्रास होता कामा नये.

३. वजू करताना नळ बारीक ठेवावा आणि मुलांना त्याचे कारण सांगावे.

४. मोहल्ल्यात कोणी नाल्यात कचरा टाकत असेल तर गप्प राहू नये. त्या वस्तीतील तिसरा गट आठवावा.

आपल्या मुलांना ताटातील मासा वाढताना इतके जरूर सांगावे की, हे आपल्या मालकीचे नाही, आपल्याकडे सोपविलेले आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यावयाचा आहे. अल्लाह आपणां सर्वांना कृतज्ञ आणि मर्यादा पाळणारे बनवो. आमीन.