खालचे आसन

शाब्बाथ शाळेचा धडा

वाचनाचा भाग : लूक १४:१–११.
ताडून पाहावे : लूक १३:१०–१७, योहान १३:१–१५, फिलिप्पै २:५–११, १ पेत्र ५:५, ६.
मुख्य विचार : आपला प्रभू खाली बसला आहे, म्हणून आपणही खाली बसावे, वर नेणे हे देवाचे काम आहे.

प्रस्तावना

आपल्या वर्धा जिल्ह्यात लग्नसराई सुरू झाली म्हणजे मानपानाचे तंटेही सुरू होतात. व्याह्यांचे पान पंगतीत कोठे मांडले, आहेर कोणाला आधी दिला, बोलावणे कोणी केले, एवढ्यावरून भरल्या पंगतीतून लोक उठून गेलेले आपण पाहिले आहेत. खेदाची गोष्ट ही की, असे रागाने उठणारे पुष्कळदा आदल्याच रविवारी आपल्या शेजारी बसून प्रार्थना करीत होते. म्हणून प्रभूचा हा दाखला आपणांस परका नाही.

प्रसंग

शाब्बाथाचा दिवस होता. परूश्यांतील एका अधिकाऱ्याने येशूला जेवावयास बोलाविले होते, आणि सर्वांची नजर येशूवर होती. तो काय चूक करतो हे त्यांस पाहावयाचे होते. परंतु येशूही त्यांजकडे पाहत होता. जलोदर झालेला मनुष्य समोर उभा असता ह्या पाहुण्यांस त्याची काळजी नव्हती. त्यांस काळजी होती ती मुख्य आसनांची. प्रथम प्रभूने त्या रोग्यास बरे केले, आणि मग पाहुण्यांच्या रोगाकडे लक्ष दिले.

दाखल्याचा अर्थ

वरवर वाचणाऱ्यास हा दाखला व्यवहारी शहाणपणाचा वाटेल. आधी खाली बसा, म्हणजे यजमान चार लोकांदेखत तुम्हांस वर बोलावील! पण असे मानून जो खाली बसतो, तो खाली बसलेलाच नाही. त्याचे शरीर जमिनीवर असते, मन मात्र केव्हाच वरच्या आसनावर जाऊन बसलेले असते. "मी अगदी नालायक, मला पंच नेमू नका," असे सभेत म्हणावयाचे, आणि लोकांनी ते खरे मानले म्हणजे महिनाभर रुसून बसावयाचे, ही नम्रता नव्हे. तो अहंकारच होय. त्याने फक्त साधे वस्त्र घातले आहे.

मग खालची जागा का घ्यावी? ह्याचे उत्तर प्रेषित पौल फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात देतो. देवाच्या स्वरूपाचा असलेला ख्रिस्त आपण होऊन रिकामा झाला, दास झाला, आणि वधस्तंभापर्यंत खाली उतरला. शिष्यांचे पाय धुताना तो नम्रतेचे नाटक करीत नव्हता. ते त्याचे खरे काम होते. तेव्हा जो खालच्या आसनाकडे जातो त्यास ते रिकामे सापडत नाही. तेथे प्रभू आधीच बसलेला आहे, आणि त्याच्या शेजारची जागा हीच खरी मानाची जागा.

आपल्या जिल्ह्यातील एक उदाहरण

वर्धा शहरातील मगनवाडी पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. तेथे अनेक वर्षे राहून ज्यांनी ग्रामोद्योगांचे काम केले, ते जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती गृहस्थ होते. त्यांचा जन्म १८९२ साली तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाची विद्या शिकून त्यांनी मुंबईत धंदा चालविला. पुढे अमेरिकेत जाऊन अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. राहणी सर्वस्वी साहेबी होती.

१९२९ च्या मे महिन्यात, हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयी लिहिलेला आपला निबंध घेऊन, ते गांधीजींच्या भेटीस साबरमतीला गेले. ठरल्या वेळेच्या थोडे आधीच पोहोचल्यामुळे ते काठीवर रेलून उभे राहिले. झाडाखाली, शेणाने सारवलेल्या भुईवर, एक वृद्ध मनुष्य सूत कातीत बसला होता. हेच गांधीजी हे कळताच कुमारप्पा आपल्या रेशमी विजारीच्या इस्त्रीची पर्वा न करिता तेथेच खाली बसले. कोणी तरी घाईने खुर्ची आणली. गांधीजींनीही तीवर बसावयास सांगितले. तेव्हा कुमारप्पांनी उत्तर दिले की, आपण स्वतः जमिनीवर बसला असता मी खुर्ची घेणार नाही.

ह्या उत्तराकडे नीट लक्ष द्या. "मी खुर्चीला योग्य नाही," असे ते म्हणाले नाहीत. स्वतःविषयी ते काहीच बोलले नाहीत. ज्यांस ते भेटावयास आले होते ते खाली बसले होते, एवढेच कारण त्यांस पुरले. येथे आपण कोणा मनुष्याची ख्रिस्ताशी बरोबरी करीत नाही. परंतु एका मनुष्याविषयीच्या आदराने जर खुर्ची सुटते, तर आपल्या तारणाऱ्याकडे पाहून आपल्या किती खुर्च्या सुटावयास हव्यात?

त्या दिवशी जमिनीवर बसलेले कुमारप्पा पुढे खुर्चीकडे परतले नाहीत. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे चिटणीसपद त्यांजकडे आले. तेलाची घाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाश्या पाळणे, अशा कामांत त्यांनी आपली विद्या खर्च केली. शिकलेले लोक ज्या कामांस हलकी म्हणत, त्यांचा विचार त्यांनी अर्थशास्त्राच्या अभ्यासात मानाने बसविला. १९३८ साली उघडलेले मगन संग्रहालय त्याची साक्ष देते. ३० जानेवारी १९६० रोजी ते मरण पावले.

एक इशारा

नम्रतेचा उपदेश पुष्कळदा ज्यांस करावयास नको त्यांसच केला गेला आहे. आपल्या खेड्यांतील अनेक मंडळ्यांच्या वाडवडिलांनी खालची जागा निवडली नव्हती; ती त्यांजवर लादली गेली होती. वस्ती गावाबाहेर, विहीर निराळी, देवळाची पायरी वर्ज्य. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली जमनालाल बजाज ह्यांच्या पुढाकाराने अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले झाले, तेव्हा ती गोष्ट देशभर गाजली. एक दार उघडल्याची एवढी मोठी बातमी व्हावी, ह्यावरूनच किती दारे बंद होती हे समजते.

आपल्या धड्याच्या मागच्याच अध्यायात अठरा वर्षे कुबडी होऊन वाकलेल्या एका स्त्रीची हकीगत आहे. तिच्या वाकण्यास प्रभूने नम्रता म्हटले नाही. त्याने तिजवर हात ठेवून तिला सरळ उभे केले, आणि सरळ उभी राहूनच तिने देवाचे गौरव केले. देवापुढे गुडघे टेकणे निराळे, आणि मनुष्याच्या टाचेखाली वाकणे निराळे. जो खुर्चीवर आहे त्याने खाली उतरावे, आणि ज्यास दाबून ठेविले आहे त्याने ताठ उभे राहावे. ही दोन्ही एकाच प्रभूची कामे आहेत. कुमारप्पांचे उदाहरण हेच सांगते. भुईवर बसणारा हा मनुष्य सत्तेपुढे वाकला नाही. तो एकाहून अधिक वेळा तुरुंगात गेला, आणि जबलपूरच्या तुरुंगात असताना त्याने येशूच्या आचारविचारांवर पुस्तक लिहिले.

आपल्या मंडळीसाठी बोध

पेत्र म्हणतो की, देव आपणांस योग्य वेळी उंच करील. वेळ त्याची आहे, आणि रीतही त्याचीच आहे. ख्रिस्ताच्या उंच होण्याची वाट कबरेतून गेली. तेव्हा आपली वाट सभेतील हारतुऱ्यांतूनच जाईल असे कोणी समजू नये. मंडळीत सतरंजी अंथरणारा, उपासनामंदिर झाडणारी, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी, ह्यांची नावे अहवालात येत नाहीत. परंतु यजमानाची दृष्टी त्यांजवर आहे. येत्या रविवारी आपण कोठे बसतो, ह्यापेक्षा कोणाच्या शेजारी बसतो, हे पाहावे. ज्याच्याशी तंटा आहे त्याच्या शेजारी? नव्याने आलेल्या गरिबाच्या शेजारी? बहुधा तेथेच प्रभूही बसलेला सापडेल.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. परूश्याच्या घरी येशूने आधी कोणाकडे लक्ष दिले? का?
२. वर बोलावले जावे म्हणून खाली बसणे, आणि प्रभू खाली आहे म्हणून खाली बसणे, ह्यांत भेद काय?
३. वाकलेल्या स्त्रीस प्रभूने सरळ का केले? आपल्या गावात आज कोण वाकलेले आहे?
४. मानपानावरून आपल्या मंडळीत मोडलेला कोणता संबंध ह्या आठवड्यात जोडता येईल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी खाली उतरलास, तरी आम्ही वरची आसने शोधीत फिरतो. आम्हांस तुझ्या शेजारी बसव. आमच्यामुळे जे वाकले आहेत त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांस दे. ज्यांस जगाने वाकविले आहे त्यांस तुझ्या हाताने उभे कर. आणि तुझी वेळ येईपर्यंत आम्हांस आनंदाने खालीच राहू दे. आमेन.