अनुभवाची किंमत

प्रास्ताविक

नोकरी मागायला गेल्यावर ‘अनुभव किती आहे?’ हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असे हे चक्र आहे. त्यातून बाहेर पडण्यासाठी उमेदवाराने स्वतःच मालकाला पैसे दिले तर? विमानवाहतुकीच्या क्षेत्रात हे प्रत्यक्षात घडले आहे. प्रस्तुत पाठात आपण त्या प्रथेचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• वैमानिक होण्याचे टप्पे सांगता येतील;
• पैसे भरून अनुभव मिळवण्याची प्रथा का निर्माण झाली, हे स्पष्ट करता येईल;
• त्या प्रथेच्या दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत व्यक्त करता येईल.

मूळ पाठ

दोनशे तासांनंतर काय?

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते. रायबरेलीजवळील फुरसतगंज येथे किंवा महाराष्ट्रातील गोंदिया येथे अशा प्रशिक्षणाच्या संस्था आहेत. हे शिक्षण अत्यंत खर्चिक असते. लहान विमानाच्या प्रत्येक तासाचे इंधन, देखभाल आणि शिक्षकाचे मानधन यांचा भार विद्यार्थ्यावर पडतो. अनेक कुटुंबे त्यासाठी कर्ज काढतात. कोणी घर गहाण ठेवते, तर कोणी शेत विकते.

परवाना हाती आला म्हणजे विमानकंपनीची नोकरी मिळाली, असे मात्र नाही. प्रवासी विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळी पात्रता मिळवावी लागते. तिला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात. तिचा खर्चही बहुधा उमेदवारालाच सोसावा लागतो. त्यानंतरही अनेक कंपन्या त्याच प्रकारच्या विमानावरील शेकडो तासांचा अनुभव मागतात. मोठे जेट विमान कोणी भाड्याने घेऊन चालवू शकत नाही. मग हे तास आणायचे कोठून?

उजवीकडचे आसन

याच पेचातून एक बाजार उभा राहिला. प्रवासी जेट विमानात डावीकडे कप्तान आणि उजवीकडे सहवैमानिक बसतो. युरोप, अमेरिका आणि इंडोनेशिया येथील काही कंपन्यांमध्ये हे उजवीकडचे आसन ठरावीक तासांसाठी विकले गेले. मध्यस्थ संस्था नवशिक्यांकडून रक्कम घेत आणि त्यांना कंपनीच्या नित्याच्या, प्रवाशांनी भरलेल्या उड्डाणांवर पाठवत. मोबदल्यात त्यांच्या लॉगबुकात तासांची भर पडे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. सहवैमानिक हा पाहुणा नसतो. अशा विमानात दोन वैमानिक असणे नियमानेच आवश्यक असते. म्हणजे ज्या कामासाठी कंपनीने वेतन द्यायचे, त्याच कामासाठी ती वेतन घेणाऱ्याऐवजी पैसे देणारा माणूस बसवते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण येथे आठवल्यावाचून राहत नाही.

दोन बाजू

या प्रथेचे समर्थक म्हणतात, की हा तरुण परवानाधारक असतो, आवश्यक परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो आणि त्याच्या शेजारी अनुभवी कप्तान असतो. कोणी त्याच्यावर सक्ती केलेली नसते. परवाना कपाटात ठेवून वर्षानुवर्षे वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग बरा, असे त्याला वाटत असेल तर त्यात गैर काय?

या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु त्यावरील आक्षेप अधिक गंभीर आहेत. पहिला आक्षेप न्यायाचा आहे. आसनावर कोणी बसावे हे गुणांपेक्षा थैलीच्या वजनावर ठरू लागते. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. थकलेला किंवा आजारी वैमानिक उड्डाणास नकार देऊ शकला पाहिजे आणि कप्तानाची चूक दिसताच त्याने ती बोलून दाखवली पाहिजे. प्रत्येक तासासाठी कर्जाऊ पैसे मोजलेला तरुण असे स्पष्ट बोलण्याचे धाडस करील काय? तिसरा आक्षेप असा, की ठरलेले तास पूर्ण होताच तो जातो आणि त्याच्या जागी दुसरा नवशिका येतो. कंपनीचे उजवे आसन सदैव नवखेच राहते. युरोपातील वैमानिकांच्या संघटनांनी अशा कारणांसाठी या प्रथेला ठाम विरोध केला आहे.

बफेलोची दुर्घटना

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतील बफेलो शहराजवळ एक प्रादेशिक विमान कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, अशी ५० माणसे मृत्युमुखी पडली. वेग धोकादायक रीतीने कमी झाल्याची सूचना मिळताच कप्तानाने चुकीची कृती केली, असा निष्कर्ष चौकशीतून निघाला. या निमित्ताने नव्या वैमानिकांचे तुटपुंजे वेतन, अपुरी विश्रांती आणि पैसे भरून मिळवलेला अनुभव या बाबी लोकांसमोर आल्या. पुढे २०१३ पासून अमेरिकेत सहवैमानिकालाही सामान्यतः १५०० तासांच्या अनुभवाची अट लागू झाली.

तथापि दुर्घटनाग्रस्त विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० हून अधिक होते, हेही विसरता येत नाही. केवळ तासांची बेरीज म्हणजे अनुभव नव्हे. ते तास कोणत्या परिस्थितीत आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली मिळाले, यालाही तेवढेच महत्त्व आहे.

शिकणारा आणि राबणारा

शिक्षणासाठी शुल्क देणे योग्यच आहे. परंतु शिकणारा जेव्हा प्रत्यक्ष काम करू लागतो, तेव्हा त्याच्या श्रमाला मोल असते. भारतातील १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने हेच तत्त्व मान्य केले आहे. कारखान्यात शिकणाऱ्या उमेदवाराला मालकाने विद्यावेतन द्यावे, असे तो कायदा सांगतो. लेथवर काम शिकणाऱ्या तरुणाला जो न्याय, तोच ढगांवरून विमान नेणाऱ्याला का नसावा? आकाशात उंच गेल्याने श्रमाचे मूल्य कमी होत नाही.

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान किती तासांचे उड्डाण आवश्यक असते?
(अ) १०० (आ) २०० (इ) ५०० (ई) १५००
२. ‘सहवैमानिक हा पाहुणा नसतो’ असे लेखकाने का म्हटले आहे?

शब्दार्थ

पेच – अडचण. तुटपुंजे – अपुरे. विद्यावेतन – शिकत असताना मिळणारे मानधन. थैली – पैशांची पिशवी.

स्वाध्याय

१. पैसे भरून अनुभव मिळवण्याच्या प्रथेवरील तीन आक्षेप तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘केवळ तासांची बेरीज म्हणजे अनुभव नव्हे’ हे विधान बफेलोच्या दुर्घटनेच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरात काम शिकताना वेतन न मिळणारी माणसे आहेत का? त्यांच्यापैकी एकाशी बोलून दहा ओळी लिहा.