घर कारखान्यात बांधता येईल काय?

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे डोंगर आहेत. तेथील दगड हाती घेतला असता भलताच जड लागतो; कारण त्यात लोखंड आहे. यंत्रे तो खणून काढतात. भट्टीतून त्याचे लोखंड होते, लोखंडाचे पोलाद, पोलादाच्या सळ्या. येथवर बहुतेक सारे काम यंत्राचे. पण तीच सळई इमारतीच्या जागी आली, की माणूस ती हाताने वाकवितो नि तारेने बांधतो. गवंडी थापी व ओळंबा घेऊन उन्हात उभा राहतो. पावसाची मोठी सर आली, की काम थांबते.

असा फरक का पडावा? कारखान्यात काम कामगारापुढे चालत येते. १९१३ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी मोटारीचा सांगाडा सरकत्या रांगेवर घेतला. तेव्हा बारा तासांहून अधिक वेळ घेणारी जुळणी काही महिन्यांतच सुमारे दीड तासावर आली. घर मात्र जागचे हलत नाही.

घर न हलो. त्याच्या भिंती, तुळया, जिने तर हलू शकतात! ते साच्यांत ओतून तयार करावेत आणि जागेवर आणून यारीने बसवावेत. २०२२ साली नवी मुंबईतील बामणडोंगरी येथे सिडकोने या रीतीने बारा मजल्यांची इमारत उभारली. घरे ९६, दिवसही लागले ९६!

पण खरी परीक्षा सांध्यांची. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. तयार भिंती सांध्यातून निसटल्या आणि त्या कोपऱ्यातील मजले एकामागून एक कोसळले. चार माणसे दगावली. तेव्हापासून तेथील बांधकामाचे नियम कडक झाले. आजही यारीने भिंत बसविली, तरी सांध्यात मसाला नीट भरला की नाही, हे पाहण्यास जाणता माणूसच लागतो.

आणि सूरजागडच्या पायथ्याशी काय? साचा पुन्हा पुन्हा वापरला, तरच त्याचा खर्च निघतो. चार-दोन घरांसाठी तो कोण करील? शिवाय कित्येक टनांची भिंत रानवाटेने आणणे सोपे नव्हे. बांबूचा कूड मातीने लिंपायला मात्र ना यारी लागते, ना साचा. तरीही कारखान्यातील एक वस्तू अशा आडवाटांवरही पोहोचली आहे. रस्त्याखालचा सिमेंटचा मोठा नळ पाहा. फिरत्या साच्यात घडलेल्या या नळास ह्यूम पाइप म्हणतात. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली ते करणारी कंपनी काढली. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी त्यातून वाहते नि वरून बैलगाडी जाते.