स्किझोफ्रेनिया : बाईत वेगळा, पुरुषात वेगळा. असं का?



मागे एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एक ताई थांबल्या. म्हणाल्या, "माझ्या दिराला विसाव्या वर्षी कानात आवाज यायला लागले, तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं. आता जावेला शेचाळिसाव्या वर्षी तसंच व्हायला लागलंय. पण घरचे म्हणतात, हा पोरांचा आजार, या वयात बाईला कसा होईल? हिच्या अंगात येतंय."

प्रश्न फार महत्त्वाचा आहे. त्याचं उत्तर आपल्या शरीरातल्या हार्मोनमध्ये काही प्रमाणात सापडतं. म्हणून या वेळचा पाठ त्यावर.

आधी आजार समजून घेऊ

स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार आहे. करणी नाही, बाधा नाही, आईच्या संगोपनाची चूकही नाही. कोणी नसताना आवाज ऐकू येणं, लोक आपल्या वाईटावर आहेत अशी पक्की खात्री वाटणं, बोलणं विस्कळीत होणं ही एका प्रकारची लक्षणं. दुसरी लक्षणं गप्प असतात : बोलणं कमी होणं, अंघोळ-कामाची इच्छा न राहणं, माणसांत न मिसळणं. जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे. म्हणजे साधारण ३०० माणसांमागे एक. आपल्या गावाची लोकसंख्या आठवा आणि हिशोब करून बघा.

वयाचा फरक

मुलांमध्ये हा आजार बहुतेक वेळा अठरा ते पंचविशीच्या दरम्यान दिसू लागतो. बायकांमध्ये तो सरासरी काही वर्षं उशिरा, पंचविशी-तिशीच्या आसपास दिसतो. आणि बायकांमध्ये पंचेचाळिशीनंतर, म्हणजे पाळी जाण्याच्या सुमारास, नवीन रुग्णांची आणखी एक छोटी वाढ दिसते. पुरुषांमध्ये अशी दुसरी वाढ दिसत नाही. म्हणजे त्या ताईंच्या जावेला या वयात आजार होणं अगदी शक्य आहे.

जर्मनीतल्या मानहाइम शहरात हाइन्ट्स हेफ्नर या मनोविकारतज्ज्ञांनी यावर बरीच वर्षं अभ्यास केला. बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन आजाराला काही काळ थोपवून धरतं, असं त्यांनी मांडलं. ज्यांच्या घरात हा आजार आधीपासून आहे, त्या बायकांमध्ये हा वयाचा फरक कमी झालेला त्यांना दिसला.

इस्ट्रोजेन काय करतं?

इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयात तयार होतं. पाळी त्याच्यावर चालते हे आपल्याला माहीत आहे, पण ते मेंदूतही काम करतं. मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं. स्किझोफ्रेनियात मेंदूच्या काही भागांत त्याचा जोर वाढतो, आणि आजाराची बहुतेक औषधं हाच जोर कमी करतात. इस्ट्रोजेनही थोड्या प्रमाणात तेच करतं. बांधावरच्या झाडांसारखं समजा. वारा थांबत नाही, पण पिकाला लागणारा जोर कमी होतो.

हे कुंपण सगळा वेळ सारखं उंच नसतं. ते खाली येतं ते असं :

१. पाळीच्या आधी आणि पाळीच्या दिवसांत. काही बायकांची लक्षणं याच दिवसांत वाढतात.

२. बाळंतपणानंतर. गरोदरपणात इस्ट्रोजेन खूप वाढलेलं असतं, ते बाळंत झाल्यावर काही दिवसांत एकदम उतरतं. या काळात बाईला आधीपासूनचा आजार उलटू शकतो.

३. पाळी जाताना.

४. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयं काढली तर. मग हे हार्मोन एकदम कमी होतं. आजारी बाईच्या ऑपरेशनचा निर्णय घेताना तिच्या मानसिक आजाराबद्दल सर्जनला सांगायलाच हवं.

पुरुषांचं काय?

पुरुषांत इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे हे कुंपण त्यांना फारसं मिळत नाही. त्यांच्यात आजार लवकर येतो आणि गप्प लक्षणं जास्त दिसतात. शिक्षण, नोकरी, लग्न यांच्या ऐन वयात आजार आल्याने नुकसानही मोठं होतं. पण टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढलं म्हणून आजार होतो असं नाही. काही अभ्यासांत तर ते कमी असलेल्या पुरुषांमध्येच गप्प लक्षणं जास्त आढळली आहेत. म्हणून "लग्न लावून द्या, डोकं ताळ्यावर येईल" हा सल्ला चुकीचा आहे. त्याने मुलगा बरा होत नाही आणि दुसऱ्या घरच्या मुलीचं आयुष्य पणाला लागतं.

हार्मोन हे एकच कारण नाही हेही लक्षात ठेवा. आनुवंशिकता, जन्माच्या वेळच्या अडचणी, कोवळ्या वयात गांजा ओढणं, यांचाही वाटा असतो.

मग हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या का?

नाही, स्वतःच्या मनाने अजिबात नाही. ऑस्ट्रेलियात प्राध्यापक जयश्री कुलकर्णी यांनी नेहमीच्या औषधांच्या जोडीला इस्ट्रोजेनचे पॅच लावून चाचण्या केल्या. त्यात काही बायकांची लक्षणं कमी झाली. पण हे औषध मूळ उपचाराच्या जागी नाही, आणि रक्ताच्या गुठळीसारखे धोके असतात. सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपण मेडिकलमधून सहज आणतो. आजारी बाईने त्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

औषध चालू असेल तर

काही औषधांनी प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोन वाढतं. मग पाळी थांबते, बाळ नसताना दूध येतं. पुरुषांना शरीरसंबंधात अडचण येते. लाजेपोटी हे कोणी बोलत नाही आणि गोळ्या गुपचूप बंद होतात. तसं करू नका. डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. पाळी थांबली तरी दिवस जाऊ शकतात, हेही विसरू नका. आणि पाळी गेल्यावर आधीचा डोस कमी पडू शकतो, म्हणून त्या वयात तपासणी चुकवू नका.

आपण काय करू शकतो?

- आजारी बाईची पाळीची तारीख आणि लक्षणं एका वहीत लिहा. दोन-तीन महिन्यांची नोंद डॉक्टरांना खूप उपयोगी पडते.
- बाळंतीण झोपत नाही, भलतंच बोलते, बाळाबद्दल भीतीदायक विचार सांगते, तर उतारा काढत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका.
- 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आशाताईंना आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही विचारा.
- रुग्णाला साखळीने बांधणं हे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार बेकायदा आहे.

त्या ताईंना आम्ही बैठकीतच एवढं सांगितलं : दिराला जो हक्क विसाव्या वर्षी मिळाला, तोच जावेला शेचाळिसाव्या वर्षी मिळायला हवा. दवाखान्यात नेण्याचा.

बैठकीत चर्चेसाठी : आपल्या गावात मुलगा आजारी पडला तर काय करतात, आणि सून आजारी पडली तर काय करतात? फरक असेल तर तो का?